स्प्रिंग, सायकल आणि साडेतीन तास!

पाडव्याच्या दिवशी भल्या पहाटे आमचा एक तास चोरीला गेला!

घाबरू नका, चोरी अगदी कायदेशीर होती. युरोपात मार्चच्या शेवटच्या रविवारी रात्री दोनची घड्याळं सरळ तीनवर नेतात. उन्हाळी वेळ सुरू. २०२५ला तो रविवार आला ३० मार्चला आणि गुढीपाडवाही नेमका त्याच दिवशी. डोळे चोळत उठले, तर मोबाइलवर नागपूरकरणीचा मेसेज : ‘ताई, आपला एक तास गेला नं! श्रीखंड फेटायचं राहूनच गेलं.’

आमच्या कंपूत आडनावांपेक्षा गावं जास्त चालतात. आम्ही डोंबिवलीकर - मी, नवरा आणि नऊ वर्षांची लेक. वरच्या मजल्यावरचे नागपूरकर - दोघं, लेकीच्याच वयाचा मुलगा आणि साडेचार वर्षांची चिमुरडी. आणि मागच्या गल्लीत कोल्हापूरकर दांपत्य, ज्यांचं अजून ‘मुलांचं बघू पुढे’ असं चाललंय. गाव आम्स्टेलफेन. ठाणं जसं मुंबईला चिकटलंय, तसं हे अॅमस्टरडॅमला चिकटलेलं. इथे भारतीय इतके, की भाजीच्या दुकानात भेंडी निवडताना मागून ‘अगं ती जून आहे’ असं ऐकू आलं तरी आपण दचकत नाही.

तर पाडवा. गुढीला काठी म्हणून पडद्याचा रॉड, वर माझ्या लग्नातल्या शालूचं ब्लाऊजपीस, तांब्या डोंबिवलीचा. कडुनिंब मिळाला नाही म्हणून कढीपत्त्याची डहाळी. (आईला सांगू नका.) बाल्कनीत गुढी उभारली, तर शेजारच्या डच आजींनी त्यांच्या बाल्कनीतून वाकून विचारलं, ‘‘अभिनंदन! कोण पास झालं?’’

मला आधी कळेचना. मग ट्यूब पेटली. इथे मूल शाळेची शेवटची परीक्षा पास झालं, की घरावर झेंडा लावतात आणि झेंड्याच्या काठीला त्या मुलाचं दप्तर टांगतात. आजींना वाटलं, आमचाही तसलाच प्रकार! मी म्हटलं, ‘‘आजी, आमचं आख्खं वर्षच पास झालं.’’ आजी खूश.

दुपारी पंगत आमच्याकडे. श्रीखंडासाठी इथे चक्का टांगायची भानगड नसते, दुकानात क्वार्क नावाचा प्रकार मिळतो. तो फेटा, साखर-केशर घाला, काम फत्ते. तर ते श्रीखंड वाढता वाढता नागपूरकर अगदी सहज, म्हणजे ‘मीठ द्या जरा’ म्हणावं तितक्या सहज म्हणाले, ‘‘आम्ही जुलैमध्ये परत चाललो, भाऊ. कायमचं.’’

पुरी माझ्या हातात तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? ऑफिसात रोज कोणी ना कोणी पेपर टाकत असतं. फेअरवेलचा केक कापला, ‘कीप इन टच’ म्हटलं, संपलं. खरंय. पण वरच्या मजल्यावरच्या या बाईशी माझं नातं काय, हे सांगायचं तर जरा मागे जावं लागेल.

हे लोक आले मार्च २०२०च्या पहिल्या आठवड्यात. बॅगा पुरत्या उघडल्या नव्हत्या, तोच १६ मार्चला इथल्या शाळा बंद झाल्या. कोरोना! माझी ओळख झाली ती त्यांच्या कुकरशी. वरून तीन शिट्ट्या ऐकू आल्या, तेव्हाच मी नवऱ्याला म्हटलं, ‘वर आपलं कोणीतरी आलंय.’ मग दाराबाहेर डबा ठेवायचा, बेल वाजवायची आणि दीड मीटर मागे सरकायचं. असं आमचं ‘भेटणं’. त्या वर्षी क्युकेनहॉफची जगप्रसिद्ध ट्युलिपची बाग पाहुण्यांसाठी उघडलीच नाही. राजाच्या वाढदिवसाचा जल्लोषही रद्द. कोनिंग्सदाख म्हणजे राजाचा दिवस. डच लोकांनी त्याचं ‘वोनिंग्सदाख’ करून टाकलं, म्हणजे घराचा दिवस! घरात बसा आणि खिडकीतून केशरी पताका हलवा. नागपूरकरांचा युरोपातला पहिला वसंत असा खिडकीतून गेला.

त्याच ऑक्टोबरमध्ये चिमुरडीचा जन्म झाला. ना आई येऊ शकली, ना सासूबाई. मी डिंकाचे लाडू केले, आयुष्यात पहिल्यांदाच, यूट्यूबवर बघून. इथे बाळंतपणानंतर आठवडाभर प्रशिक्षित नर्स घरी येते. ती बाळाला बादलीसारख्या टबात गळ्यापर्यंत बुडवून अंघोळ घालायची आणि मी बाजूला मालिशचं तेल घेऊन उभी! धुरीचा विषय मी हळूच काढला, तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी तो विषय परत काढला नाही. बारसं व्हिडिओ कॉलवर झालं. पाळण्याजवळ प्रत्यक्ष माणूस मी एकटी. नाव कानात सांगणारी आत्याही मी आणि ‘कुर्रऽऽ’ करणारी मावशीही मीच.

तर ती पाच वर्षं अशी.

पाच हा आकडा इथे फार महत्त्वाचा बरं का. परदेशातून बोलावलेल्या कुशल नोकरदाराला इथे पगाराच्या तीस टक्क्यांपर्यंतच्या रकमेवर कर लागत नाही. ‘थर्टी पर्सेंट रूलिंग’ म्हणतात त्याला. आम्ही २०१६ला आलो तेव्हा ही चैन आठ वर्षं होती. २०१९पासून जास्तीत जास्त पाच वर्षांवर आणली आणि आमचीही त्यात कापली गेली. २०२१ला आमची सवलत संपली, तेव्हा बँकेत जमा झालेला पगार बघून नवरा म्हणाला होता, ‘यांनी चुकून अर्ध्या महिन्याचाच टाकलाय का?’ वर्षभर बाहेरचं जेवण बंद. आणि गंमत म्हणजे हीच पाच वर्षं झाली, की कायमच्या वास्तव्यासाठी किंवा डच पासपोर्टसाठी अर्जही करता येतो. डच पासपोर्ट घेतला की भारताचा सोडायचा, कारण आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. म्हणजे पाचव्या वर्षी पगार एकीकडे ओढतो, पासपोर्ट दुसरीकडे आणि आईवडील तिसरीकडे. आमच्या ओळखीत जेवढे परत गेले, ते बहुतेक याच सुमारास.

नागपूरकरांच्या बाबतीत तिसरी बाजू जड झाली. वडिलांना पार्किन्सन्स. आई एकटी किती करणार? विषय संपला.

संध्याकाळी कोल्हापूरकरांनी टेबलावर हात आपटला. ‘‘जुलैला अजून लई वेळ हाय भावा! ह्या स्प्रिंगला एकही वीकेंड घरात बसायचं नाही. बसला तो संपला!’’ आणि वहीचं पान फाडून यादी सुरू.

इथला वसंत म्हणजे काय, ते एप्रिलमध्ये एसीचा रिमोट शोधणाऱ्या तुम्हा लोकांना कसं सांगू? नोव्हेंबरपासून आकाश म्हणजे ओलं पोतेरं. सकाळी अंधारात ऑफिसला जायचं, अंधारात परत यायचं. मग मार्चमध्ये कधीतरी एक दिवस असा येतो, की अख्खं शहर कोट फेकून बाहेर पडतं. कॅफेबाहेरच्या खुर्च्यांवर सगळे एका रांगेत सूर्याकडे तोंड करून बसतात, एकमेकांकडे नाही! या दिवसाला डचमध्ये ‘रॉक्येसदाख’ म्हणतात, म्हणजे स्कर्टचा दिवस. मार्टिन ब्रिल नावाच्या कॉलमनिस्टने हा शब्द घराघरात नेला. (कॉलम लिहून भाषेत एक शब्द ठेवून जायचा. मला सॉलिड हेवा वाटतो.)

पहिला वीकेंड चेरीचा. आमच्या गावाला लागून असलेल्या जंगलवजा पार्कात चेरीची ४०० झाडं आहेत. जपान आणि हॉलंडच्या संबंधांना ४०० वर्षं झाली म्हणून २०००मध्ये इथल्या जपानी महिला मंडळाने ती भेट दिली. झकास भाग असा, की प्रत्येक झाडाला बाईचं नाव आहे. अर्धी नावं जपानी, अर्धी डच. कोल्हापूरकर प्रत्येक झाडापुढे जाऊन ‘नमस्कार वहिनी’ म्हणत सुटले. खाली चटई, मध्ये डबे. बटाट्याची भाजी, पुऱ्या, सावजी मसाला लावलेली अंडी. वाऱ्याची झुळूक आली की पाकळ्या सरळ भाजीत. शेजारच्या चटईवर जपानी कुटुंब त्यांचे नीटनेटके छोटे डबे उघडून बसलं होतं, आणि आमचा तेल सुटलेला मोठा डबा बघून त्यांच्या मुलाने जे डोळे विस्फारले! त्याला एक पुरी दिली. त्याने ती आधी दोन्ही हातांनी धरून तपासली, मग खाल्ली, मग परत येऊन उभा राहिला.

क्युकेनहॉफला जायला आमचा नवरा नाखूश होता. भारतातून येणारा प्रत्येक पाहुणा त्याला तिथेच घेऊन जातो, कारण १९८१च्या ‘सिलसिला’तले ते अमिताभ, रेखा आणि ट्युलिप्स! आतापर्यंत अकरा वेळा झालंय त्याचं. पण नागपूरकरांचा पहिला वसंत हुकला होता, म्हणून बारावी वारी. ३२ हेक्टरांची बाग. दर शरद ऋतूत तिथे सुमारे ७० लाख कंद हातांनी लावतात आणि बाग उघडी असते जेमतेम आठ आठवडे. नावाचा अर्थ मात्र साधा, ‘स्वयंपाकघराची बाग’. पंधराव्या शतकात इथल्या सरदारीण याकोबा यांच्या मुदपाकखान्यासाठी इथून पाला-औषधी तोडून नेत.

मला बागेपेक्षा बाहेरची शेतं आवडतात. पण तिथलं एक दृश्य पहिल्यांदा बघाल तर पोटात कालवाकालव होईल. फुलं पूर्ण उमलली की शेतकरी मशीन फिरवतो आणि सगळ्या फुलांची मुंडकी उडवतो! लाल, पिवळा ढीग नुसता मातीत. कारण त्याला फूल विकायचंच नसतं, कंद विकायचा असतो. फूल गेलं की सगळं बळ खाली कंदात उतरतं. चिमुरडी रडायलाच लागली. नागपूरकरणीने तिला उचललं, ‘‘काहून रडून राहिली गं? कांदा मोठा होते त्याच्यानं.’’ आणि मग तीच डोळे पुसायला लागली. मी विचारलं नाही.

घरी येताना शेजारच्या आजींसाठी ट्युलिपचा गुच्छ आणला. आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. गुच्छ नळाखाली धरत शांतपणे म्हणाल्या, ‘‘यांचे कंद मी खाल्लेत.’’ मला वाटलं, माझं डच कच्चं, काहीतरी चुकीचं ऐकलं. पण नाही. १९४४-४५चा हिवाळा. जर्मनांच्या ताब्यातला पश्चिम हॉलंड, अन्न तुटलेलं. ‘हाँगर-विंटर’, भुकेचा हिवाळा. त्यात वीस हजारांहून जास्त माणसं गेली. लोक ट्युलिपचे कंद उकडून खात, आतला पिवळा कोंब काढून टाकायचा, तो विषारी. आजी तेव्हा सहा-सात वर्षांच्या. ‘‘चव कशी होती?’’ लेकीने विचारलंच. आजी म्हणाल्या, ‘‘आठवत नाही बाळ. पण आई समोर बसून बघायची आम्ही खातोय का, ते आठवतं.’’

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी बेल्जियममधलं हालरबॉस केलं. ब्रसेल्सच्या दक्षिणेचं जंगल, एप्रिलमध्ये झाडांखालची सगळी जमीन निळी-जांभळी. सुंदर आहे, यात वादच नाही. पण निम्मं युरोप तिथे सेल्फी काढायला आलेलं, त्यामुळे मला ते जंगल म्हणजे दादरचा पूल वाटला. पायवाटेच्या बाहेर पाऊल ठेवू नका एवढं मात्र लक्षात ठेवा, तुडवलेली रोपं परत यायला वर्षं लागतात.

मग आला कोनिंग्सदाख. राजे विलेम-अलेक्झांडर यांचा वाढदिवस २७ एप्रिलचा, पण २०२५ला तो रविवारी येत होता म्हणून उत्सव शनिवारी, २६ला. सगळं गाव केशरी. केशरी टोप्या, केशरी कुत्री, केशरी आयसिंगचे ‘टॉम्पूस’ केक. या दिवशी कुणीही रस्त्यावर पथारी टाकून घरातलं जुनं सामान विकू शकतं, ना परवाना ना कर. ‘फ्रायमार्क्त’, म्हणजे मोकळा बाजार. लोक आधीच खडूने फुटपाथवर चौकोन आखून जागा धरतात. अगदी लोकलमधल्या रुमालासारखं!

दरवर्षी आम्ही पोरांची खेळणी विकतो. या वर्षी नागपूरकरांनी संसार मांडला. टोस्टर, हिटर, पुस्तकं, बाळाची बादली (हो, तीच), बर्फातले बूट. ‘‘नागपुरात बर्फातले बूट घालून काय वडापाव आणायला जाऊ?’’ असं म्हणत ते हसत होते. एक डच बाई बादलीचे तीन युरो देऊन गेली. नागपूरकरीण ती बादली रस्त्याच्या वळणापर्यंत बघत राहिली.

आणि शेवटी लाल सायकल. छोटीशी, सोळा इंची. कोरोनाच्या त्या वसंतात, रिकाम्या पार्किंगमध्ये नागपूरकरांचा मुलगा आणि माझी लेक, दोघंही तिच्यावरच शिकले. पाळीपाळीने. दीड मीटरचा नियम पोरांना कुठला कळायला? नंतर ती चिमुरडीकडे आली. मुलाने स्वतः पुठ्ठ्यावर लिहिलं : १० युरो. एक आजोबा नातीला घेऊन आले, आठला मागायला लागले. पोरगा हटेना. तेवढ्यात माझी लेक तिच्या पथारीवरून उठली, दिवसभरच्या कमाईतले दहा युरो मोजून त्याच्या हातावर ठेवले आणि सायकल ढकलत आमच्या बाजूला आणून उभी केली. त्यानेही एका सेंटची सूट दिली नाही हं! पैसे मोजून खिशात. मैत्री वेगळी, धंदा वेगळा. नागपूर पक्कं!

रात्री मी लेकीला विचारलं, ‘‘अगं, तुझे गुडघे लागतात त्या सायकलच्या हँडलला. कशाला घेतलीस?’’

‘‘स्वस्त होती,’’ ती म्हणाली आणि कूस बदलली.

मे महिन्याच्या सुट्टीत शेवटची मोठी ट्रिप. इथे शाळा चालू असताना पोरांना घेऊन फिरायला जाता येत नाही. फुकटची दांडी मारलीत तर दंड होतो, त्यामुळे अख्खा देश त्याच दिवसांत बाहेर पडतो आणि हॉटेलवाले त्याचा पुरेपूर फायदा घेतात. आम्ही लक्झेंबर्गमध्ये एक जुनं शेतघर भाड्याने घेतलं. नऊ माणसं, दोन गाड्यांत आरामात मावलो असतो. पण नागपूरकर हटून बसले, ‘‘एकाच गाडीत.’’ म्हणून नऊ सीटर व्हॅन. साधं कारचं लायसन्स चालतं तिला. नऊ माणसं, नऊ सीटं आणि मध्ये कुठे जागा दिसेल तिथे चिवडा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कुकर.

लक्झेंबर्गला सरकारी बस, ट्राम, ट्रेन सगळं फुकट आहे. २०२०च्या फेब्रुवारीअखेरीपासून. फक्त ट्रेनच्या फर्स्ट क्लासला पैसे. कोल्हापूरकरांचा विश्वास बसेना. ‘‘फुकट यष्टी? नाद खुळा!’’ म्हणत ते काही कारण नसताना ट्रामने शेवटच्या स्टॉपपर्यंत जाऊन आले. म्युलरथालच्या खडकांच्या कपारीतून चाललो, व्हियांदनचा किल्ला बघितला. किल्ला मस्त डागडुजी केलेला, पण ‘रायगडाची मजा नाही’ यावर बिनविरोध ठराव पास झाला. संध्याकाळी तांबडा रस्सा विरुद्ध सावजी अशी लढत. फोडणीने घरातला स्मोक अलार्म दोनदा बोंबलला. निकाल सांगत नाही, मला दोन्ही घरांत जेवायला जायचं असतं.

पण मला सांगायचंय ते शेंगेनबद्दल.

तुमच्यापैकी ज्यांनी युरोपच्या व्हिसासाठी बँक स्टेटमेंट्स, आयटी रिटर्न्स, हॉटेल बुकिंग अशी फाइल उराशी धरून रांग लावलीय, त्यांना हे नाव पाठ असेल. शेंगेन हे लक्झेंबर्गच्या टोकाचं, मोझेल नदीकाठचं एक चिमुकलं गाव आहे. द्राक्षमळे, नदी, चार कॅफे. १४ जून १९८५ला नदीत उभ्या असलेल्या ‘प्रिन्सेस मारी-आस्त्रिद’ या बोटीवर पाच देशांनी सह्या केल्या, की आपापसातल्या सीमांवरची तपासणी हळूहळू काढून टाकू. फ्रान्स, जर्मनी आणि लक्झेंबर्ग या तिघांच्या हद्दी तिथेच नदीत मिळतात, म्हणून ती जागा. पूल ओलांडला की जर्मनी. पोरं पुलावरून धावत जर्मनीत गेली, धावत लक्झेंबर्गला आली, परत जर्मनीत. कोणी विचारलं नाही, कुठे चाललात.

कोल्हापूरकर जाम निराश. ‘‘एवढंच? आमच्या गावची चावडी मोठी हाय ह्याच्यापेक्षा!’’ नागपूरकर मात्र नदीकाठी गप्प उभे होते.

आम्ही दोघी बाकावर. तिने एकदम विचारलं, ‘‘ताई, चुकून राहिलं का आमचं?’’

मला माहीत होतं ती कशाबद्दल बोलतेय. दोन वर्षं रात्री पोरं झोपवून ती डच शिकली. इथल्या नागरिकत्वासाठी लागणारी भाषेची, समाजाची परीक्षा पास झाली. आमच्या कंपूत ती एकटीच. वर्षापूर्वी तिला मनासारखी नोकरी लागली होती. अर्ज करायचा फक्त बाकी होता. नवऱ्याचं करिअर नागपुरातून लॅपटॉपवरही चालेल, तिचं पुन्हा शून्यापासून. आणि तरी ‘परत जाऊ’ हे पहिलं तिनेच म्हटलं होतं, हेही तिनेच तेव्हा सांगितलं. ‘‘मामंजी चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात आता. व्हिडिओत दिसते नं.’’

‘नाही गं, बरोबर आहे तुमचं’ असं म्हणायला माझी जीभ उचलेना. कारण ते बरोबर असेल, तर माझं काय? डोंबिवलीला माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती फोनवर कधीच काही मागत नाही. मार्चमध्ये फक्त एवढंच म्हणते, ‘‘आजपासून साडेतीनच तास ना? बरं झालं, एक तास जवळ आलात.’’ हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, उन्हाळ्यात साडेतीन. बाईने त्याचाही हिशेब ठेवलाय.

मी तिच्यापुढे चिवड्याचा डबा धरला. तिने मूठभर घेतला. बराच वेळ आम्ही चिवडाच खाल्ला.

परतताना जर्मनीतून, ट्रियरमार्गे यायचं ठरलं. आणि शेंगेन मागे पडून जर्मनीच्या हद्दीत शिरतो न शिरतो, तोच पोलिसांनी हात दाखवला! सप्टेंबर २०२४पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर पुन्हा तपासणी सुरू केलीय. म्हणजे सीमा पुसणाऱ्या गावातून निघालो आणि सीमेवर अडकलो. नऊ जणांनी नऊ ओळखपत्रं काढली. चिमुरडीने आपलं कार्ड स्वतःच पुढे केलं, फोटोतलं तोंड करून. पोलीस हसला. जाऊ दिलं. गाडीत कोणीच बोललं नाही काही वेळ. मग नागपूरकर म्हणाले, ‘‘हे कार्ड जाताना परत करावं लागते नं?’’

४ मे, रविवार. घरी परत. संध्याकाळी आइंदहोवनच्या अलीकडे, हायवेलगतच्या थांब्यावर शिरलो. पोरांची भांडणं जोरात, चिमुरडीला शू, कोल्हापूरकरांना कॉफी. आत शिरलो तर काहीतरी वेगळं. लोक गाड्यांमधून उतरत होते आणि नुसते उभे राहत होते. ट्रकवाले, सायकली टपावर बांधलेली कुटुंबं, काउंटरमागची मुलगी. नवरा म्हणाला, ‘‘अरे, आठ वाजले.’’

हॉलंडमध्ये ४ मेच्या रात्री आठ वाजता दोन मिनिटं सगळं थांबतं. युद्धात आणि त्यानंतरच्या संघर्षांत गेलेल्यांसाठी. दुसऱ्या दिवशी, ५ मेला, मुक्तिदिन. २०२५ला त्याला ८० वर्षं होत होती. दरवर्षी आम्ही हे टीव्हीवर बघतो. असं उघड्यावर उभं राहायची पहिलीच वेळ.

आम्ही नऊ जण व्हॅनच्या बाजूला ओळीने उभे राहिलो. पोरं कशी कोण जाणे, पण गप्प. ऊन अजून होतं. मी आजींच्या आईचा विचार करायचा ठरवलं होतं, समोर बसून मुलं खातायत का बघणाऱ्या. पण मग ती बाई एकदम माझ्याच आईसारखी दिसायला लागली. शेजारी नागपूरकरणीचा हात माझ्या कोपराला लागत होता. तिने तो काढला नाही, मीही नाही.

मग कुणीतरी गाडी सुरू केली. काउंटरवरच्या मुलीने कॉफीचं मशीन लावलं. चिमुरडी म्हणाली, ‘‘शू झाली.’’

‘‘झाली?’’

‘‘झाली.’’

व्हॅन परत करायच्या आधी सीट धुण्यात आमची रात्र गेली. ट्रिप अविस्मरणीय व्हायला अजून काय पाहिजे?

जुलैत ते गेले. स्खिपोल विमानतळावर कोल्हापूरकर सगळ्यात मोठ्याने रडले, याची इथे नोंद करून ठेवते. लाल सायकल आमच्या खालच्या स्टोअररूममध्ये आहे. नवऱ्याने दोनदा विचारलं, पुढच्या कोनिंग्सदाखला विकायची का. लेक त्याच्याकडे अशी बघते, की त्याने तिसऱ्यांदा विचारलेलं नाही.

आमचं दर रविवारी संध्याकाळी सातला बोलायचं ठरलं होतं, म्हणजे त्यांच्याकडे साडेदहा. पोरं झोपलेली, निवांत. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, २६ तारखेला, मी नेहमीसारखा सातच्या ठोक्याला फोन लावला. वाजला, वाजला, कोणी उचलला नाही. परत लावला. नाही. म्हटलं, मामंजींना काही झालं की काय! रात्रभर डोक्यात किडा.

सकाळी उठले तर मेसेज : ‘सॉरी ताई, झोपून गेलो होतो. साडेअकरा वाजले होते इथं. घड्याळ बदललं नं तुमचं?’